उणे तीस

दारावर थाप पडली तेव्हा तान बाई त्रिकोणाच्या आकृतीवर बोट ठेवून सांगत होत्या, "पायाचे दोन्ही कोन सारखे, म्हणून एकेक क्ष धरायचा. वरचा त्यांच्याहून तीस अंशांनी कमी, म्हणजे..."

शिकवणीला बसलेल्या छू मानने ‘क्ष उणे तीस’ लिहिलं, आणि पुढचं वाक्य बाईंच्या तोंडातच राहिलं.

सरकारी शाळेच्या शिक्षकांनी पैसे घेऊन शिकवणी करायची नाही, असा कडक नियम. तरी मुलांच्या आया गप्प बसत नाहीत, आणि संसार असलेल्या बाईला नाही म्हणवत नाही. गेल्याच महिन्यात बाईंच्या शाळेतले एक गुरुजी असे सापडले. नोकरी गेली ती गेलीच, वर शाळेच्या फाटकावर नाव लागलं. बाईंच्या घरी आजारी नवरा होता आणि मिळवत्या त्या एकट्या.

मुलीची आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने बाईंची पर्स तांदळाच्या डब्यात कोंबली, बाईंच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांची टोपली आदळली आणि मग दार उघडलं.

आत आला तो शिक्षण खात्याचा माणूस. केस पिकलेले, बोलणं मऊ.

"तक्रार आहे, ताई. इथे शिकवणी चालते म्हणे."

"लोकांच्या जिभेला हाड नाही हो! ही माझी थोरली बहीण, गावाकडून आलीय. शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही हिनं."

एवढं कशाला सांगायचं होतं? बाईंनी मान खाली घातली आणि शेंग सोलायला घेतली. दाणे टोपलीत कमी आणि फरशीवर जास्त पडत होते.

"आणि तू काय करतेस गं? गृहपाठ? एकटीच?" साहेब मुलीशेजारी खुर्ची ओढून बसले. "कर बघू माझ्यासमोर."

खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज उरला. बाई खालच्या मानेनेच बघत होत्या. पोरीने तिन्ही कोनांची बेरीज मांडली, बरोबर एकशेऐंशी. ठीक. मग तीन क्ष उणे तीस बरोबर एकशेऐंशी. तेही ठीक. आता ते तीस पलीकडे न्यायचे, चिन्ह बदलायचं, दोनशेदहा येतील.

छू मानची पेन्सिल थांबली. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं आणि लिहिलं, तीन क्ष बरोबर एकशेपन्नास.

साहेब हसले. "शिकवणी असती तर एवढं तरी आलं असतं हिला! कुणीतरी जळून तक्रार केलेली दिसते. चला, येतो मी."

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. साहेब उठले, दारापाशी बूट चढवू लागले. इकडे पोरगी तशीच पुढे लिहीत होती. पायाचे कोन पन्नास, पन्नास. वरचा वीस.

आणखी अर्धं मिनिट बाईंनी दातांखाली जीभ धरली असती तर सगळं निभावलं असतं. पण वीस वर्षं फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला ते झेपलं नाही.

"अगं, बेरीज तरी कर! एकशेवीसच होतात. असा त्रिकोण असतो का कधी? तीस पलीकडे नेताना चिन्ह..."

आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच सगळ्यांच्या नंतर ऐकू आलं. टोपली मांडीवरून घसरली. आईने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी एक बूट घातला होता, दुसरा हातातच राहिला. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला आणि खिशातून वही काढली. त्यांनाही ते जडच गेलं असावं.

"कुठल्या शाळेत शिकवता, बाई?"

बाईंनी नाव सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. साहेब लिहून घेऊ लागले.

छू मानने कागदावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊ लागली.

"मला येत होतं, बाई," ती म्हणाली. "मी मुद्दाम चुकवलं होतं."