चाखलेला दुधी

दुधी चिरण्याआधी त्याची एक चकती चाखून बघायची असते, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. गल्लीत त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता आणि ब्रेक पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर तोच स्वभाव त्यांनी स्वयंपाकघरात आणला. मीठ चमच्यात घेऊन सुरीने सपाट करायचं, भात घड्याळ लावून शिजवायचा, पालक पाच-पाच वेळा धुवायचा.

त्या रविवारीही त्यांनी देठाकडची चकती कापली, तोंडात टाकली, नीट चावली आणि थुंकून टाकली.

"चाखलात ना हो?" आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं.

"चाखला."

यात खोटं काही नव्हतं. फक्त काकांना त्या चकतीची चव कळली नव्हती. त्यांना कशाचीच चव कळत नव्हती. मागच्या थंडीत एक ताप आला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही बंद करून गेला. चहा म्हणजे गरम पाणी आणि भात म्हणजे ओला कापूस, असं चाललं होतं. चार दिवसांत चव परत येईल म्हणून ते आधी बोलले नाहीत. ती आली नाही, आणि मग बोलायची सोय उरली नाही.

कारण काकूंच्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांचा मोठा कोर्स दिला आणि तेल, तिखट, बाहेरचं सगळं बंद केलं. घरचं साधं, उकडलेलं, वाफवलेलं खायचं आणि पडून राहायचं. तेव्हा काकूंची मोठी बहीण पुढे झाली. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण ती घरात शिरली की माणसं अजूनही आपोआप सरळ बसत.

"ही माझ्याकडे येईल," ताई म्हणाली. "तुम्हाला चहा धड जमत नाही."

"मी करीन सगळं," काका म्हणाले. परसात पालक आहे, गाजरं आहेत, टोमॅटो आहेत, अजून काय लागतं? शब्द तोंडातून निघून गेले आणि मग माघार घेता आली नाही.

ताईने मान्य केलं, पण ताईसारखंच. दर रविवारी ती स्वतःचा वजनकाटा गाडीत घालून आणायची आणि काकूंना त्यावर उभं करायची. काटा दर खेपेला थोडा खाली जात होता. गेल्या रविवारी तिने काकांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "पुढच्या वेळी आणखी उतरलं, तर मी हिला घेऊन जाणार. मग मला काही ऐकवू नका."

काकांच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता. हिशेब लागत नव्हता. वाटी रिकामी परत येत होती, "छान झालं होतं" असंही काकू न चुकता म्हणत होत्या, आणि तरी त्यांच्या घड्याळाचा पट्टा मनगटावर फिरत होता. जे चाखता येत नव्हतं, त्याबद्दल काका फक्त त्या दोन शब्दांवर विसंबून होते. काकू छान म्हणाल्या की त्यांचा दिवस निभायचा.

आज त्यांनी दुधी, गाजर आणि थोडा तांदूळ एकत्र शिजवून, घोटून, गाळून दाट सूप केलं. काकूंना नेऊन दिलं आणि स्वतः ओटा आवरायला आले. थोड्या वेळाने काकूंनी हाक मारली. वाटी रिकामी होती.

"छान झालं होतं," काकू म्हणाल्या.

काका खूश होऊन साली टाकायला परसात गेले. कंपोस्टच्या खड्ड्याशी वाकले आणि समोरच्या वेलाकडे बघत तसेच राहिले. दुधी याच वेलाचा होता. काकूंनी लावलेला वेल पलीकडे कुंपणावर होता, तो यंदा नीट धरलाच नव्हता. हा कचऱ्यातून आपोआप उगवला होता, कुठल्या बीचा कोण जाणे. काकू हिंडत्या-फिरत्या असत्या तर त्यांनी तो वीतभर असतानाच उपटला असता. दरवर्षी त्या तेच करायच्या, आणि उपटताना बजावायच्या: आपोआप आलेल्या वेलाचा भरवसा धरू नये, त्याचा दुधी कडू निघतो, आणि कडू दुधी म्हणजे विष. काकांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. यंदा मात्र वेल कसा तरारलाय म्हणून त्यांनी त्याला कौतुकाने काठ्यांचा आधार दिला होता.

हातातल्या सालीला चिकटलेला गर त्यांनी दाताने खरवडला, जिभेवर फिरवला. काही नाही. वास घेतला. काही नाही. ओट्यावर उरलेला अर्धा दुधी होता, त्याचीही फोड चावून थुंकली. मऊ, पाणीदार, आणि बाकी काही नाही.

ते आत गेले. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"सूप कडू होतं का गं?"

"छान होतं म्हटलं ना."

"छान नको सांगूस. कडू होतं का?"

काकू वळल्या. काकांचा चेहरा बघून त्या उठून बसल्या. "तुम्ही चाखलात ना?"

काका पलंगाच्या कडेवर टेकले. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली, तरी त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. आता कापला.

"मला चव कळत नाही. त्या तापापासून. वासही येत नाही. सांगितलं असतं तर ताईंनी तुला त्याच दिवशी नेलं असतं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे मीठ..."

"मोजून घालतो."

"अहो, मला सगळंच कडू लागतं," काकू म्हणाल्या. "या गोळ्या सुरू झाल्यापासून. भात कडू, गाजर कडू, पाणीसुद्धा कडू. तोंडात खिळा धरल्यासारखं वाटतं. तुम्ही एवढं राबून करता, म्हणून बोलले नाही. आजचं सूप कडू होतं की गोळ्या कडू, ते मला कसं कळणार?"

दुसरी वेळ असती तर दोघांना हसू फुटलं असतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घरात दोन माणसं आणि धड जीभ एकाचीही नाही.

"पोटात कसं वाटतंय?"

"थोडं ढवळतंय. पण तेही रोजचंच आहे."

काकांनी ताईला फोन लावला. उचलला नाही, म्हणजे गाडी चालवत असणार. आठवडाभर ज्या बाईच्या येण्याची त्यांनी धास्ती घेतली होती, तिच्यासाठी ते फाटक उघडं टाकून रस्त्यात जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान उंचावून बघत होते. मध्येच धावत आत जाऊन काकूंना बघून येत होते.

ताई वजनकाटा बगलेत धरून उतरली. काकांनी दुधीची फोड तिच्यापुढे धरली.

"जिभेला नुसती लावा. गिळू नका."

"हा काय प्रकार आहे?"

"मला चव कळत नाही, ताई. कित्येक महिने. हा दुधी मी तिला घातलाय. आधी सांगा, मग काय बोलायचं ते बोला."

ताईने फोडीला जिभेचं टोक लावलं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ती तिथेच फाटकाशी थुंकली, पुन्हा थुंकली, आणि काटा तसाच जमिनीवर टाकून म्हणाली, "तिला आणा. आत्ताच्या आत्ता."

काकूंना गाडीतच उलटी झाली. काकांनी आपला सदरा पुढे धरला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाडी आणि रक्तदाब बघितला आणि सलाईन लावलं. मग विचारलं, "किती खाल्लं?"

"पूर्ण वाटी," काका म्हणाले. "मोठी वाटी. मी रिकामी बघितली."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"दोन-तीन चमचे," त्या म्हणाल्या.

"अगं, वाटी रिकामी होती."

"बाकीचं मोरीत ओतलं." काकूंचा आवाज बारीक झाला होता. "रोज ओतते. वरून पाणी सोडते. सगळंच कडू लागतं, घशाखाली उतरतच नाही हो. एक-दोन घास खाते आणि बाकीचं... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

डॉक्टरबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. अल्सर असलेल्या पोटात पूर्ण वाटी गेली असती तर गोष्ट हाताबाहेर जाऊ शकली असती, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. एवढ्याने बहुधा निभावेल, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. रोजचा कडूपणा अल्सरच्या एका गोळीचा आहे, ती बदलून देते, दोन-चार दिवसांत तोंडाला चव येईल. आधी का नाही सांगितलंत?

काका स्टुलावर बसले. ती वाचली, या आनंदाने त्यांना रडू येत होतं. आणि ती का वाचली, ते आठवलं की लाजही वाटत होती. आपण पहाटे उठून पालक खुडला, गाजरं उपटली, मीठ सपाट केलं, आणि ते सगळं मोरीतून वाहून गेलं. ती त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी राहिली. तिला रागावायला त्यांना तोंड नव्हतं. त्यांनीही तिला तेवढंच फसवलं होतं.

ताई भिंतीला टेकून उभी होती. आता ती बोलणार, हे काकांना दिसत होतं. ती बोलण्याआधी काकाच बोलले.

"ताई, तुम्ही हिला घेऊन जा. अंगात ताकद येईपर्यंत."

म्हणायला ते म्हणाले, पण मनात एक वेडी आशा होती. बायको म्हणेल, नको, मला आपल्या घरीच बरं. उभ्या संसारात ती नेहमी असंच म्हणत आली होती. ते तिच्याकडे न बघता वाट बघत राहिले.

"जाते," काकू म्हणाल्या.

लगेच म्हणाल्या. मग त्यांनी बहिणीकडे मान वळवली.

"घरी काही केलेलं आहे का गं?"

"मऊ भात आहे," ताई म्हणाली. "आणि बटाटा उकडलाय."

"चालेल," काकू म्हणाल्या. सलाईन अजून अर्धं शिल्लक होतं, संध्याकाळ व्हायला पुष्कळ वेळ होता, आणि त्या पांघरूण सारून पायांनी चपला चाचपू लागल्या होत्या. काकांनी वाकून पलंगाखालून त्या काढल्या आणि त्यांच्या पायांशी नीट जुळवून ठेवल्या.