कॅलमचं गोत्र

नंदूच्या मुलीने, यामिनीने, केप ब्रेटन बेटावरच्या कॅलमशी लग्न ठरवलं. कॅनडातल्या कनाटा गावी, नंदूच्या घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती लंडनहून, म्हणजे कॅनडातल्याच लंडन गावाहून. तिथे नंदूची थोरली बहीण राहते: मंदाकिनीआक्का, निवृत्त डॉक्टर आणि घराण्याच्या कुलवृत्तांताची संपादक. तिनेच नंदूला स्पॉन्सर करून कॅनडात आणलं होतं. तिच्याशिवाय मांडवात उभं राहायचं म्हणजे विंटर टायर्स न लावता जानेवारीच्या बर्फात गाडी काढायची.

"मुलगा परका आहे. मी येणार नाही," एवढं बोलून आक्काने फोन ठेवला.

नंदू पडला इंजिनिअर. त्याने तीन आठवडे बेसमेंटमध्ये बसून भाषांच्या वंशावळीचा चार्ट केला. सगळ्यात वर आद्य भाषा. एका फांदीवरून संस्कृत आणि खाली मराठी. दुसरी फांदी केल्टिक. तिच्या पोटी आयरिश, वेल्श, ब्रेटन आणि कॅलमच्या आजीची स्कॉटिश गेलिक. लॅटिनचं बिऱ्हाड शेजारीच. तो चार्ट घेऊन सहा तास गाडी हाकत नंदू लंडनला गेला, सोबत यामिनी आणि कॅलम.

"बघ आक्का, परका कुठला? एकाच घराण्यातले आपण!"

आक्काने चष्मा लावला. तिचं बोट मराठीवरून मुळापर्यंत चढलं आणि पलीकडे गेलिकपर्यंत उतरलं.

"म्हणजे सगोत्र," ती म्हणाली. "आता तर लग्न मुळीच होत नाही."

"बाबा, यू हॅड वन जॉब!" यामिनी म्हणाली.

कॅलमने गुपचूप आपल्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. मोराग आजी, वय एक्क्याण्णव. तिने आक्काला न्याहाळलं आणि गेलिकमध्ये काहीतरी विचारलं.

"आजी विचारतेय, तुम्ही कुणाच्या?" कॅलम म्हणाला. "आमच्याकडे आधी हेच विचारतात."

आक्का सरसावून बसली. कुठून आलात, हे कॅनडाने तिला पन्नास वर्षं विचारलं होतं. कुणाच्या, हे पहिल्यांदाच. तिने वडील, आजोबा, पणजोबा असं करत नऊ पिढ्या एका दमात सांगितल्या. मोराग आजीने पाणी पिऊन आपल्या सांगितल्या. अकरा. शिवाय कुणाचा कुत्रा कुणाला चावला तेही. भाषांतर करून करून कॅलमचा घसा बसला.

फोन बंद झाल्यावर आक्काने दोन्हीकडची नावं कागदावर शेजारी शेजारी लिहून काढली.

"नावं तपासली. एकही सामाईक नाही. सगोत्र वगैरे काही नाही," ती शेवटी म्हणाली. "लग्न कधी आहे?"

"जूनमध्ये," नंदू हरखून म्हणाला. "येशील ना?"

"येणार तर! पण ऑगस्टमध्ये कर. मला अजून तीन पिढ्या शोधायच्या आहेत."