गोदामाकडचा वळसा

बिल्ल्याची पिन पुन्हा वाकली होती आणि खिशाच्या शिवणीत काही केल्या बसत नव्हती – कोटाच्या बटणापेक्षा जेमतेम मोठा हिरवा बिल्ला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सोबती’. ती तो अंगठ्यानं दाबत राहिली. पुढे रुग्णवाहिकेच्या चाकावर बसलेल्या मामांनी आरशातून पाहिलं.

"राहू द्या हो ताई. बिल्ला नाही लावला म्हणून लोक रडगाणी सांगायचे थांबणार आहेत थोडेच?"

हे मात्र खरं. रुग्णवाहिका केंद्रात साहेबांनी तिला ‘सोबती’ नेमल्यावर – म्हणजे आपल्यातल्याच कुणाच्या मनावर कामाचा ताण आला तर त्याच्याशी बोलायला आपल्यातलंच एक माणूस – पहिला आठवडा नुसती थट्टा झाली. ताई, बायको बोलत नाही, बिल्ला घालून या की घरी! मग हळूहळू एकेकजण गाडी धुता धुता, कपाटाशी, जिन्यात तिला गाठू लागला. आणि ती ऐकायची. प्रशिक्षणात सांगितलं होतं, विचारा आणि थांबा, शहाणपण शिकवू नका, ऐकलेलं पोटात ठेवा. मात्र कुणाच्या जिवाला धोका दिसला तर साहेबांच्या कानावर घालायचंच. पोटात ठेवणं तिला नवं नव्हतं. सगळा जन्म त्यातच गेला होता... आणि आता पोटात एक गोष्ट होती जी कुणी सांगितलेली नव्हती, तिनं नुसती ओळखली होती.

मामा भाजीगल्लीतून गाडी नेत नव्हते.

मामा, म्हणजे शहरातली प्रत्येक बोळ डोळे मिटून सांगणारा माणूस! नदीपलीकडच्या वस्तीला भाजीगल्लीतून गेलं की झालं, हे शाळकरी पोरंही सांगतील. पण मामा गोदामाकडून वळसा घेत. मागे रुग्णाजवळ उभ्या असलेल्या बाईला रस्ता दिसत नाही, रस्ता तिला अंगाला कळतो – भाजीगल्लीला गाडी उजवीकडे कलते आणि मग दगडी फरसबंदीची बारीक थरथर तळपायांत येते. गोदामाकडे डावीकडे कलते आणि मोठे खड्डे. गेले कित्येक आठवडे गाडी डावीकडेच कलत होती. कारणही तिला ठाऊक होतं. भाजीगल्लीत ती इमारत, तिसरा मजला, दार उघडं, आत बिछान्यावर ती मुलगी, शाळेचा गणवेश घातलेली, आणि करण्यासारखं काही उरलेलं नसताना आपण तरीही केलेलं सगळं... आणि बाप. बाप म्हणाला होता, ‘आलात, बरं झालं.’ तो ओरडला नाही, उशिराबद्दल बोलला नाही. वर चढून दमलात म्हणून पाण्याचे दोन पेले घेऊन आला. तिचा हात पुढे होईना. मामांनी आपला पेला घटाघट संपवला आणि मग तिचाही घेतला. बिचारे मामा! तेव्हापासून त्यांना ती गल्ली नको होती, साहजिकच होतं. निवृत्तीला टेकलेला माणूस. साहेबांना कळलं तर चाक काढून घेतील, दारावर खुर्ची टाकून बसवतील, आणि चाकावाचून मामा म्हणजे... छे. ती थांबली होती. विचारा आणि थांबा. विचारणं जमलं नव्हतं, थांबणं उत्तम जमलं होतं.

फोन खणखणला. नदीपलीकडची वस्ती, म्हातारे गृहस्थ, श्वास लागलाय.

जाताना गोदामाकडून. येतानाही गोदामाकडूनच. म्हाताऱ्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरून ती त्याच्याशी बोलत होती, तिची सवयच ती, सारखं बोलायचं – शाब्बास आजोबा, असाच, अजून एक श्वास, अहो पळून कुठे चाललाय तो, सावकाश घ्या. त्याचे ओठ जांभळट पडत होते. गाडी खड्ड्यात आदळली, मुखवटा सरकला, तिनं परत बसवला. कोपऱ्यात त्याची म्हातारी पिशवी पोटाशी धरून बसली होती आणि मागच्या काचेतून बाहेर बघत होती.

"आज लांबून घेतलंत का हो?" म्हातारीनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात, नुसतं आपलं विचारलं. "भाजीगल्लीनं जवळ पडलं असतं ना?"

तिनं मुखवट्याची पट्टी घट्ट केली. काय सांगणार? आजी, आमचे मामा जरा हळवे झालेत, म्हणून तुमच्या माणसाचे ओठ जांभळे होताहेत? थांबणं, थांबणं म्हणत आपण कुणाच्या श्वासांवर थांबलो होतो?

म्हातारा वाचला. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी त्याला ताब्यात घेतलं, जाता जाता त्यानं दोन बोटं हलवली, म्हातारी वळून वळून हात जोडत गेली. आजचं निभावलं. उद्याचं कोण सांगणार?

गाडी पुसून झाल्यावर मामा कागदी पेल्यांत चहा घेऊन आले. दोघं मागच्या पायरीवर बसली. आता बोलायलाच हवं होतं. तिनं घसा साफ केला.

"मामा, अलीकडे कामावर असताना तुम्हाला काही जड वाटतं का?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खिशाकडे. "हे तुम्ही विचारताय की बिल्ला?"

"मी विचारतेय. ती गल्ली. तुम्ही टाळताय ती. मामा, आज त्या आजोबांचं काही झालं असतं तर? मला साहेबांना सांगावं लागेल हो. मला नाही सांगायचं, पण..."

मामांनी चहावर फुंकर घातली.

"त्या पोरीनंतर आपण एकदा गेलो होतो तिथून," ते म्हणाले. "आठवतं? मागे पोटात दुखणारी बाई होती."

होती. आठवत होती... म्हणजे बाई आठवत होती, रस्ता नाही.

"ती बाई तुम्हाला हाका मारत होती. सिस्टर, सिस्टर. तुम्ही तिचा हात धरून भिंतीकडे बघत होता. मी आरशातून बघितलं. मी हाक मारली, भोंगा बंद करून मारली. तुम्ही गप्प. गल्ली संपली, पूल आला, तेव्हा कुठे तुम्ही बोलायला लागलात, जसं काही झालंच नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी म्हटलं, रस्ता लांबला तर गाडी दामटून भरून काढीन. तुम्हीच मागे गप्प झालात तर मागे आहे कोण?"

तिचे कान तापले. खोटं आहे, ती म्हणणार होती. मी? मी तर प्रत्येक रुग्णाशी... आणि मग हातात दुसऱ्या कुणाची बोटं, भिंतीवरचा रंगाचा पोपडा, आणि फार लांबून सिस्टर, सिस्टर, कुणी दुसऱ्याच बाईला बोलावत असल्यासारखं. राग आला तिला. मामांचा आला, त्या बापाचा आला, पाण्याच्या पेल्याचासुद्धा आला.

"मग विचारलं का नाहीत मला?"

"तुम्हीच विचाराल म्हणून थांबलो. बिल्ला तुमच्याकडे."

हसू आलं तिला, आणि हसता हसता रडू, आणि मामा रस्त्याकडे तोंड करून बसले, तिला रडता यावं म्हणून.

"आणि तुमचं?" तिनं नाक पुसत विचारलं. "तुम्हाला काहीच होत नाही तिथे?"

"होतं की." मामा चाचरले. "पण माझं आपलं तुमच्या नावावर खपून जात होतं."

केंद्रावर परतताना गाडी रिकामी होती, म्हणून ती पुढे बसली. साहेबांकडे जायचं होतं. मघापासून ती एकच नाव कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होती. आता नावं दोन होती आणि पहिलं तिचं स्वतःचं. त्या बोलण्यानंतर चाक कुणाकडे राहील, मागे कोण उभं राहील, काही सांगता येत नव्हतं. तिला भीती वाटत होती, चांगलीच. इतके दिवस ही मामांची भीती म्हणून तिनं केवढ्या मायेनं सांभाळली होती! स्वतःची म्हटल्यावर त्याच भीतीला तेवढीच माया दाखवणं काही जमत नव्हतं.

चौक आला. मामांनी वेग कमी केला.

"कुठून घेऊ?"

"गल्लीतून."

"बघा हं. गप्प झालात तर?"

गाडी उजवीकडे कलली आणि तळपायांत ती बारीक थरथर आली. हातात धरायला या वेळी कुणाचा हात नव्हता, कुणाला धीर द्यायचा नव्हता.

"मामा," ती म्हणाली. पुढे काय म्हणायचं होतं ते तिला माहीत नव्हतं. तरी ती बोलत राहिली.