कयाकला बांधलेला आरसा

माझा नियम साधा आहे. ज्याला माझ्याबरोबर कोकणातल्या खाडीत कयाकमधून डॉल्फिन बघायला यायचंय, त्याने आधीचे दोन रविवार हडपसरला माझ्या सरावाच्या टँकवर येऊन कयाक चालवून दाखवायची. नाही जमलं तर डॉल्फिन मोबाइलवर बघावेत. लोक मला तोंडावर उल्काताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण बारा वर्षांत माझ्या सहलीत कुणाचा जीव धोक्यात आलेला नाही, त्यामुळे मी ते मनावर घेत नाही.

कासिम आणि मुमताज तांबोळी यांची नावं त्यांच्या मुलीने, मिसबाने, बंगळुरूहून परस्पर नोंदवली होती. कासिमभाई एकसष्टचे, किडकिडीत, चौतीस वर्षं रिक्षा चालवताहेत. मुमताजभाभी अंगाने त्यांच्या दीडपट आणि बोलण्यात तिप्पट. येताना डॉक्टरांचं पत्र आणलं होतं. भाभींना शुगर आहे, खिशात खायला गोड असू द्या, बाकी हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो, आणि मागे बसणाराच ती वळवतो. पुढच्याने समोर बघून नुसतं वल्हं मारत राहायचं. हे मी सांगितलं आणि भाभींचा चेहरा असा काही खुलला, की यांना डॉल्फिन टँकमध्येच दिसला की काय, असं मला वाटलं.

"म्हणजे चालवणार मी?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

कासिमभाई निमूटपणे पुढे बसले. पहिली दहा वल्ही दोघांनी झकास मारली. मग कासिमभाई थेट कमरेतून मागे वळले, कयाक कलली आणि दोघंही पाण्यात. लाइफ जॅकेट होती, पाणी छातीएवढं, काही झालं नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, कासिमभाई, मागे ट्रॅफिक नाहीये. ते ओशाळून हसले, सॉरी म्हणाले आणि चौथ्यांदा वळले.

रिक्षावाल्याची खोड, दुसऱ्याच्या हातात गाडी देववत नाही, असं माझं निदान झालं. वजनाचा नियम जरा वाकवते, तुम्ही मागे या आणि भाभींना पुढे बसवा, असं मी सुचवलं. कासिमभाई लगेच तयार झाले. भाभी मात्र काठावर निथळत उभ्या राहिल्या.

"उल्काताई, लग्न झाल्यापासून मी यांच्या मागे बसून हे नेतील तिकडे गेले. तक्रार नाही, चांगलंच नेलं त्यांनी. पण एकदा मला यांना कुठंतरी न्यायचंय. ते होणार नसेल तर मला डॉल्फिन नकोत."

पुढच्या रविवारी शेवटची संधी, एकदा जरी वळलात तरी तुमचं नाव कापणार, एवढंच सांगून मी दोघांना घरी पाठवलं. खरं सांगायचं तर ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

ते आले. कासिमभाईंनी पिशवीतून रिक्षातला आरसा काढला, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या काढल्या आणि माझ्या कयाकच्या नाकाडावर तो बांधायला घेतला. माझ्या होड्यांना कुणी काही लटकवलेलं मला खपत नाही. भांग पाडायचाय का, असं मी विचारलं.

ते चिडले नाहीत. भाभी लांब जॅकेटचे पट्टे आवळत होत्या, तिकडे एकदा बघून ते हळू आवाजात बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी कात्रजला मेहुणीकडे जाऊन दोघं रिक्षाने परत येत होते. भाभी मागे बसून बोलत होत्या, नेहमीसारख्याच. हडपसरच्या गाडीतळाजवळ त्यांचं बोलणं थांबलं. कासिमभाईंनी आरशात बघितलं तर मान एका बाजूला पडलेली. शुगर एकदम उतरली होती. त्यांनी रिक्षा तशीच दवाखान्यात घातली.

"आरसा नसता तर वाटलं असतं, दमली, डोळा लागला," कासिमभाई म्हणाले. "घरापर्यंत तशीच नेली असती मी, ताई. तेव्हापासून ती मागे असली की मान आपोआप वळते. मी नाही वळवत."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. त्यांच्या हातातली पट्टी घेऊन मी स्वतः गाठ आवळली. त्या दिवशी दोघांनी टँकच्या आठ फेऱ्या मारल्या. कासिमभाई दर चार वल्ह्यांना आरशात बघत होते, आणि मान समोरच होती.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही पाच कयाक घेऊन दापोलीकडच्या खाडीत उतरलो. मी तांबोळींच्या जवळच राहिले. कांदळवनातला खंड्या बघून झाला, चिखलातले खेकडे झाले. खाडीच्या तोंडाशी लाटा जरा उचलत होत्या. तिथे मी वल्हं डोक्यावर आडवं धरलं. त्याचा अर्थ, सगळ्यांनी थांबायचं आणि गप्प बसायचं. तांबोळींच्या डाव्या अंगाला, जरा मागे, पाण्यातून दोन राखाडी पाठी वर आल्या. त्यांच्यामागून एक लहानगी.

सगळ्यांच्या माना तिकडे फिरल्या. माझं लक्ष कासिमभाईंवर होतं, आता हे वळणार आणि दोघं खाऱ्या पाण्यात जाणार. ते वळले नाहीत. भाभी आरशाकडे बघून हसल्या, बोटाने डावीकडे खूण केली. कासिमभाईंनी आरशाकडे बघत मान डोलावली. मग भाभींनी वल्हं पाण्यात खोल घातलं आणि आवाज न करता, थोडी थोडी करत, कयाकच फिरवली. नवऱ्याला मान वळवावी लागू नये म्हणून त्या बाईने आख्खी नाव वळवली. डॉल्फिन बरोबर कासिमभाईंच्या समोर आले. पिल्लू तिसऱ्यांदा वर आलं तेव्हा माझे डोळे भरले होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी डॉल्फिन नीट बघितले नाहीत.

सोमवारी सकाळी हडपसरच्या अंगणात मी सगळं सामान गोड्या पाण्याने धूत होते. धुतल्याशिवाय मिठाने कशाचीच धडगत नसते. आरसा तांबोळींच्या कयाकलाच राहिला होता. त्यावर मिठाचा पांढरा थर बसला होता, ताकाच्या रिकाम्या पेल्यावर बसतो तसा. मी तो धुऊन पुसत होते तेवढ्यात कासिमभाई रिक्षा घेऊन तो न्यायला आले.

मी म्हटलं, परतीच्या वाटेवर बरंच मीठ बसलेलं दिसतंय.

"परतीच्या नाही, जाताना," ते म्हणाले. "खाडीत शिरलो तेव्हाच पहिल्या लाटेचं पाणी उडालं. ओल्या हाताने पुसायला गेलो तर जास्तच फरकटलं. मग काहीच दिसेना."

मला ते डोलावणं आठवलं. आंधळ्या आरशाकडे बघून दोन तास मान कशाला हलवत होतात, असं मी विचारलं.

"ती बघत होती ना आरशाकडे. मागून तिला तो मळलेला कळत नव्हता. मला दिसत नाही हे कळलं असतं तर तिचं सगळं लक्ष माझ्याकडे लागलं असतं. तिला सांगू नका, ताई."

ते आरसा रिक्षात बसवायला लागले. मागची रिकामी सीट दिसेपर्यंत त्यांनी तो इकडेतिकडे फिरवला. तुम्हाला भीती नाही वाटली का, असं विचारल्याशिवाय मला राहवेना.

"पहिली पाच मिनिटं फार वाटली," कासिमभाई म्हणाले. "मग लक्षात आलं, नाव सरळ चाललीय. मुमताज ठीक असल्याशिवाय नाव सरळ चालेल का?"