भंत्यांच्या डोक्यावरचं लिंबू

कसबा बावड्याच्या टोकाला, उसाच्या फडाला खेटून एक छोटं विहार आहे. पत्र्याचं छप्पर, निळं दार, दारात सोनचाफा. आत भिक्खू दोनच. थोरले भंते सुमेध, वय अठ्ठ्याहत्तर, संघात येण्याआधी एसटीत कंडक्टर. अजूनही कुणी विहारात शिरलं की "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. धाकटे भंते शीलरत्न, वय बत्तीस. ते मूळचे शिवाजी पेठेतले विश्वजित. एके काळी त्यांच्या हातात दांडपट्टा फिरायला लागला की हवेला घाम फुटायचा आणि पेठेतल्या म्हाताऱ्यांना तरणं झाल्यासारखं वाटायचं.

आश्विनातल्या पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या सकाळी भिक्खू एकमेकांसमोर उकिडवे बसतात, हात जोडतात आणि म्हणतात, माझ्यात काही खोट दिसली असेल, ऐकली असेल, नुसती शंका आली असेल, तरी दया करून सांगा. ह्याला पवारणा म्हणतात. दोघंच असल्यामुळं ह्या विहारातली पवारणा पाच मिनिटांत उरकते.

"भंते, आपण ध्यानात घोरता," शीलरत्न नम्रपणे म्हणाले.

"मान्य," सुमेध म्हणाले. "आता तुझी ऐक. सहा वर्सं बघतोय, ताटात लिंबाची फोड आली की तू तोंड फिरवतोस. दानात आलेली फोड गुपचूप माझ्या पात्रात सारतोस. माझं दात आंबून गेलं. काय हाय ते लिंबाचं?"

शीलरत्नांनी जोडलेले हात खाली घेतले. मग त्यांनी सांगितलं.

मर्दानी खेळात लिंबू काढणी असते. एकानं तळहातावर नाहीतर डोक्यावर लिंबू घेऊन बसायचं, दुसऱ्यानं डोळे बांधून पट्ट्याच्या एका फटक्यात त्याच्या दोन फोडी करायच्या. आंधळ्या पट्ट्याला दिशा देतो तो आवाज. बसलेल्यानं "व्हय" म्हणायचं, आणि तो आल्याबिगर पट्टा सोडायचा न्हाय, हा तालमीचा कायदा. बारा वर्षांपूर्वी त्याच तालमीतली तेजस्वी तळहातावर लिंबू घेऊन बसली होती, एकोणीस वर्षांची. हलगी चढली, तिच्यासंगं विश्वजित चढला, आणि व्हय यायच्या आधीच पट्टा सुटला. लिंबाच्या दोन फोडी झाल्याच, पण तेजस्वीच्या करंगळीचं वरचं पेरही गेलं. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वस्तादांनी विश्वजितला विचारलं, "व्हय आलता का?" विश्वजित म्हणाला, "आलता की. हात हालला तिचा."

एवढंच वाक्य. पण पेठेत ते असं पसरलं की पोरीचं नावच 'हालती' पडलं. ती ओरडून सांगत राहिली, कुणी ऐकलं नाही. विश्वजित पेठ सोडून पळाला. कागलच्या एमआयडीसीत लेथवर सहा वर्षं लोखंड कापलं, मग इकडं येऊन डोकं कापलं, म्हणजे केस.

सुमेधांनी सगळं ऐकलं आणि उठून चीवर नीट केलं. "हे मला सांगून काय उपेग? ज्या स्टॉपचं तिकीट, त्या स्टॉपला उतरायचं. चल."

"आत्ता?"

"न्हाय, पुढच्या जल्मी! चल की."

पेठेतल्या मैदानात तेजस्वी नऊ मुलींना लाठी शिकवत होती. गेल्या वर्षी मुली तेवीस होत्या. दोन भगवी चीवरं फाटकातून आत आलेली पाहून लाठ्या जागच्या जागी थांबल्या. तेजस्वीनं डोळे बारीक केले.

"भंते म्हणू का विश्या म्हणू?"

"तुझी मर्जी," शीलरत्न म्हणाले, आणि मान खाली घालून एका दमात बोलले. "तुझा हात हालला न्हवता. तू व्हय दिलाच न्हवतास. मी खोटं बोललो. क्षमा कर."

नऊ मुलींनी नऊ तोंडं उघडली. तेजस्वीनं मात्र कपाळाला हात लावला.

"आरं खुळ्या, हे मला म्हाईत हाय की! मला काय सांगतोस? माझा हात, मला ठावं न्हाय व्हय?"

सुमेधांना ठसका लागला. हसण्याचाच होता तो, पण त्यांनी चाफ्याच्या वासाचं निमित्त केलं. तिथं चाफा नव्हता.

"मग कुणाला सांगू?"

"पेठेला सांग. आयाबाया म्हंत्यात, हालत्या हाताची वस्तादीण पोरींना काय शिकवणार. तालमीतली मोठी माणसं म्हंत्यात, येत्या रविवारी खेळ हाईत, तिथं लिंबू काढून दाखव, मग मैदान तुझं. न्हाईतर सोमवारपासनं हितं फुटबॉलवाली." तिनं पट्टा उचलून पुन्हा ठेवला. "मी काढीन की लिंबू! पण माझ्या पट्ट्याखाली बसायला अख्ख्या पेठेत एक डोकं मिळंना. ह्या पोरी तयार हाईत, पण त्यांच्या आया माझं डोळं काढतील."

शीलरत्नांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"आन् नुसता हुबा राहून सांगशील तर पेठ ऐकणार न्हाय," तेजस्वी म्हणाली. "भाषण सुरू झालं की पेठ चहाला जाती. डोक्यावर लिंबू ठेवून बस, मग बघ, एक डोळा हालणार न्हाय."

"भंते," शीलरत्न सुमेधांकडं वळले, "खेळतमाशे बघायचे नाहीत असं आपलं शील आहे."

"बघायचं न्हाय," सुमेध म्हणाले. "तमाशा व्हायचं न्हाय असं कुठं लिवलंय?"

रविवार उजाडला आणि सगळी पेठ मैदानाच्या कडेला मुंगीसारखी चिकटली. गॅलऱ्या भरल्या, भिंती भरल्या, एका टेम्पोच्या टपावर सात जण चढले. खेळ नऊला होते, म्हणजे सव्वादहाला नारळ फुटला. सुमेधांची नजर घड्याळावर. भिक्खूचं जेवण बाराच्या आत, आणि विहारात त्या दिवशी कुणीतरी पुरणपोळी आणणार होतं.

माइकवर सम्राट होता. लग्न असो, क्रिकेट असो, आवाज त्याचाच. "पावणं, मागं सरा! ओ निळा शर्ट, तुमालाच म्हणतोय! आता बघा, आजवर कुणी बघितलं नसंल असलं बघा! वस्ताद तेजस्वी, डोळ्याला पट्टी, हातात पट्टा! आन् लिंबू कुणाच्या डोक्यावर? साक्षात भंते शीलरत्न यांच्या डोक्यावर!"

हलगी कडाडली, घुमकं घुमलं, कैताळ झणझणलं. शीलरत्न चौरंगावर पद्मासन घालून बसले, पाठीचा कणा उसासारखा ताठ. एका मुलीनं दिलेलं लिंबू सुमेधांनी त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

लिंबू घरंगळलं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा घरंगळलं, आणि ह्या वेळी थेट मैदानाच्या मधे जाऊन हलगीवाल्याच्या पायाशी थांबलं. आजवर लिंबू बसायचं ते फेट्यावर नाहीतर दाट केसांवर. काल सकाळीच वस्तरा फिरलेल्या डोक्यावर ते कसं बसावं, ह्याचा विचार तालमीत कुणीच केला नव्हता. मैदान खदखदलं. टेम्पोवरचे सातही जण एकमेकांवर पडले.

"फेविकॉल लावा!"

"चपटं लिंबू आणा की!"

तेवढ्यात गर्दी फाडत चिमणाबाई आली. तेजस्वीची आई ती, मंडईत भाजी विकणारी. पाटी डोक्यावर ठरावी म्हणून ती लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ करते, तीच हातात होती. "तीस वर्सं हिच्यावर पाटी हालली न्हाय, लिंबाचं काय घिऊन बसलाय!" मग शीलरत्नांसमोर येऊन ती थबकली. ह्याच माणसानं आपल्या लेकीचं बोट तोडलं, हे तिच्या डोळ्यांत क्षणभर येऊन गेलं. तिनं चुंबळ सुमेधांच्या हातात दिली. "तुमी ठेवा, बाबा. आन् घट्ट ठेवा."

"ओ भंते, ह्यो दागिना न्हवं ना?" कुणीतरी ओरडलं. "भिक्खूला दागिना चालत न्हाय!"

"ह्यो स्टँड हाय!" सुमेध ओरडले.

चुंबळीवर लिंबू बसलं, गादीवर बसावं तसं ऐटीत. मुलींनी लगेच सूर धरला. कधी जुळवलं होतं कुणास ठाऊक:

*लिंबू पिवळंधमक, भगव्या रानात उगवलं*
*बाई, बिनझाडाचं फळ गं, आज पेठेनं बघितलं*

*तेजूबाईचा पट्टा, जशी आभाळाची कड*
*भंते, धरा जी धीर, मग लिंबाची दोन फोड*

तेजस्वीनं डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. पट्टा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरला, आणि त्याचं नुसतं झळझळणारं वर्तुळ उरलं. हलगी चढायला लागली. ज्या चालीनं तेव्हा चढली होती, त्याच चालीनं. सगळी पेठ शीलरत्नांच्या ओठांकडं बघत होती. आता व्हय येणार.

"हलगी थांबवा," शीलरत्न म्हणाले.

हलगी थांबली. पट्टा हवेत थांबला. त्या शांततेत शीलरत्न मान न हलवता बोलले.

"बारा वर्सांपूर्वी ह्याच मैदानात तेजस्वीचा हात हालला न्हवता. तिनं व्हय दिला न्हवता. मी थांबलो न्हाय. वस्तादांनी इचारलं तवा मी खोटं बोललो."

"काय म्हणला?" टेम्पोवरून आवाज आला. "मागं ऐकू येईना!"

सम्राटनं पळत जाऊन माइक त्यांच्या तोंडाशी धरला. भिक्खूला एक गोष्ट तीनदा म्हणायची सवय असते. शरण जायचं तेही तीनदा.

"दुसऱ्यांदा सांगतो. तेजस्वीचा हात हालला न्हवता."

आता ते कर्ण्यातून गॅलऱ्यांत गेलं, भिंतींवर आपटून परत आलं.

"तिसऱ्यांदा सांगतो. तेजस्वीचा हात हालला न्हवता."

मग एकदम सगळे बोलले. "खोटारडा!" "बारा वर्सं पोरीला हालती म्हणलो रं आपण!" "भगवं घातलं म्हणून सोडायचा व्हय ह्याला?" दोघंतिघं पुढं धावली. सुमेध हात पसरून आडवे आले, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात ते, कितीसे पसरणार?

"मागं!" तेजस्वी ओरडली. डोळे बांधलेलेच होते. "पट्टा माझ्या हातात हाय. ह्याचं काय करायचं ते मी बघीन."

धावलेली माणसं होती तिथंच खिळली. ती एकेक पाऊल मोजत चौरंगाजवळ आली. पट्ट्याचं टोक जमिनीवर रेघ ओढत होतं. अगदी हळू, फक्त चौरंगापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात तिनं विचारलं,

"भ्या वाटतंय का?"

"वाटतंय."

"मलाबी. बारा वर्सांत कुणी बसलंच न्हाय. नुसत्या उशीवर काढलंय लिंबू."

शीलरत्नांच्या डोक्यावरचं लिंबू तरीही हललं नाही.

ती तीन पावलं मागं गेली. पट्टा पुन्हा फिरायला लागला. हलगी गप्पच होती, हलगीवाल्यानं काठ्या काखेत धरल्या होत्या. नुसत्या पात्याचा आवाज, भोवऱ्यासारखा. शीलरत्नांनी श्वास आत घेतला, बाहेर सोडला. घाई करायची नाही. तिची पावलं जमिनीला लागू देत. तिचा खांदा सैल होऊ दे. त्या दिवशी हेच तर राहिलं होतं.

"व्हय," ते म्हणाले.

सप्पकन आवाज झाला. लिंबाच्या दोन फोडी चौरंगाच्या दोन बाजूंना पडल्या. चुंबळीचा एक धागासुद्धा तुटला नाही. लिंबाचा रस तेवढा कपाळावरून ओघळून सरळ डोळ्यांत गेला, आणि इतका वेळ दगडासारखे बसलेले भंते शीलरत्न दोन्ही हातांनी डोळे चोळत चौरंगावर नाचायला लागले.

"आई गं! आई गं! पाणी!"

मैदान फुटलं. हलगी कडाडली, शिट्ट्या पडल्या, गॅलऱ्यांतनं टोप्या उडाल्या. चिमणाबाईनं पदरानं आपले डोळे पुसले आणि तांब्याभर पाणी सुमेधांकडं दिलं. "ओता त्याच्या डोक्यावर. सगळं ओता." तेजस्वीनं पट्टी सोडली. समोर डोळे लाल करून, नाक गाळत उभा असलेला विश्वजित बघून तिला असं हसू आलं की ती पट्टा टाकून खालीच बसली. पेठेनं बारा वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

गर्दीतून एक बाई हाताला धरून मुलीला पुढं घेऊन आली. "वस्ताद, हिला उद्यापासनं पाठवू का? मधनं काढली व्हती मी. चुकलं माझं." तिच्या मागं दुसरी उभी राहिली. दुसरीच्या मागं तिसरी. तालमीतली मोठी माणसं एकमेकांकडं न बघता खुर्च्या उचलायला लागली. मैदानाचं नाव कुणी काढलंच नाही.

"विश्या," तेजस्वी हसू आवरत म्हणाली, "मंगळवारी येत जा. पट्टा ह्या पोरींना मी शिकवीन. पण लिंबू घिऊन बसायचं कसं, हे ह्यास्नी कुणी शिकवलं न्हाय. आमाला सगळ्यांना फिरवायचीच घाई."

"मला भंतेंना विचारावं लागेल."

"मग इचार की."

शीलरत्नांनी रसानं झोंबणारे डोळे उघडून सुमेधांना शोधलं. घड्याळात बाराला पंचवीस मिनिटं होती, पुरणपोळी वाट बघत होती, म्हणजे थोरले भंते एव्हाना फाटकाशी असायला हवे होते. ते फाटकाशी नव्हते. ते चौरंगावर मांडी घालून बसले होते, पाठ जमेल तेवढी ताठ. चुंबळ त्यांनी स्वतःच डोक्यावर ठेवली होती, जरा तिरकी, आणि मुलींमधल्या सगळ्यात धिटुकलीनं दिलेलं लिंबू तिच्यावर बसवलं होतं.

"भंते! हे काय?"

"गप. हालायचं न्हाय म्हणलंय ह्या पोरीनं." सुमेधांनी डोळे मिटले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "व्हय!"

"बाबा, थांबा की!" तेजस्वी ओरडली. "मी अजून पट्टासुद्धा उचलला न्हाय!"