दुसऱ्या बाजूचा ब्रेक

थंडोबा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला आला त्या दिवसापासून मला तो डोळ्यांसमोर नको झाला, आणि मनातलं लपवण्याचा माझा स्वभाव नाही. थंडोबा हे नाव मीच ठेवलेलं. शिकणारा गाडी बंद पाडो, गिअर कचाकचा टाको, सरळ दुभाजकाकडे निघो, हा आपला शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेला, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. आणि लोकांना तोच हवा! "आम्हाला ते शांत सर द्या हो," असं काउंटरवर सांगतात. माझ्यासमोर सांगतात. स्कूल माझ्या मेहुण्याचं असेल, पण त्याची पहिली गाडी रस्त्यावर काढली ती मी. आज या रस्त्यांवर जे ऐटीत हॉर्न वाजवत फिरतात, त्यातल्या कितीतरी जणांना क्लच सोडायला मी शिकवलंय.

हेही गिळलं असतं. पण माझ्या सख्ख्या पोरीने मेहुण्याला फोन केला आणि म्हणाली, "मामा, मला त्या शांत सरांकडे लाव ना. बाबांना मी सांगते." सांगितलं कुठे? मला कळलं ते फळ्यावर तिचं नाव त्याच्या गाडीखाली वाचून.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं. तिला नुकतीच नोकरी लागली होती. आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. बहुतेक घरं नदीपलीकडे, म्हणून गाडी यायलाच हवी. सुरुवातीला ती माझ्याकडेच बसली होती. मी तिला जिवापाड जपून शिकवत होतो. समोर कुत्रं दिसलं की ओरडायचो, सायकल दिसली की ओरडायचो, काही दिसलं नाही तरी कधी दिसेल त्याचा नेम नाही म्हणून ओरडायचो. माया असल्याशिवाय कोण एवढा घसा फोडतो?

मग मेहुण्याने एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. "भाऊजी, राग मानू नका. तुम्ही शिकवलेली मुलं लायसन्सच्या परीक्षेत नापास होतात. रेषेच्या पुढे जाऊन थांबतात सगळी. त्या शांत सरांची होत नाहीत. एकदा त्यांच्या गाडीत मागे बसून बघा ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी हो म्हणालो, कारण मला त्याच्या चुका पकडायच्या होत्या. आणि मुद्दाम दिवस निवडला तो माझ्या लेकीचा.

गाडीत बसताना थंडोबा म्हणाला, "आज पूल करायचा."

पुलावर मी शिकणाऱ्याला नेत नाही. शिकणाऱ्याला कशाला, स्वतःही जात नाही. पूल लांब, मध्ये थांबायला जागा नाही, आणि वर पोचलं की माझी छाती अशी धडधडते की स्टिअरिंगवर ठोके ऐकू यावेत. कारखान्याकडून वळसा घालून जातो. बायको म्हणते, "अहो, पूल काय खाणार आहे का तुम्हाला?" मी म्हणतो, तिकडचा रस्ता चांगला आहे. मध्यंतरी एकदा छातीत दुखलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी सगळं तपासलं, म्हणाले हृदय ठणठणीत आहे, एकदा मनाच्या डॉक्टरांना भेटा. मी म्हणालो, मी काय वेडा दिसतो? आणि उठून आलो. तेव्हापासून धड झोप नाही, आणि घरात ताट वाजलं तरी मी खेकसतो. पण ते असू दे, गोष्ट थंडोबाची चालली आहे.

आम्ही शिकवतो त्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, मास्तरासाठी. मागच्या सीटखाली काहीच नसतं. पूल सुरू झाला तसा मी पायाने नुसता गालिचा दाबत बसलो. बोटांना मुंग्या आल्या. श्वास वरच्या वर. पोरगी छान चालवत होती, हेही सांगायला हवं, आणि थंडोबाचे हात मांडीवर होते, पाय मागे ओढून घेतलेला. ते बघून मला आणखी जळफळायला झालं. माझ्या पोरीचा जीव, आणि हा पाय मागे घेऊन बसलाय!

"थांबव!" मी ओरडलो. "थांबव गाडी!"

ती दचकली. गाडी आचका देऊन पुलाच्या मधोमध बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. थंडोबा म्हणाला, "काही झालं नाही. क्लच दाब. चावी फिरव. चल." आणि गाडी चालली.

पूल उतरल्यावर त्याने एका टपरीपाशी गाडी घ्यायला लावली. लेक माझ्याकडे न बघता पाणी आणायला गेली. मी दार उघडून पाय बाहेर सोडून बसलो. शर्ट पाठीला चिकटला होता.

"मास्तर, श्वास आधी सावकाश सोडा. घ्यायची घाई नको," थंडोबा म्हणाला. "बोटं सुन्न झाली ना?"

"तुला काय करायचंय?"

"मला व्हायचं हे. मी आधी ट्रक चालवायचो. घाट आला की वाटायचं, आता मरतो. दोनदा इस्पितळात दाखल झालो, दोन्ही वेळा हृदय चांगलं निघालं. मग मी घाटाच्या खेपा घेणंच सोडलं. मग लांबच्या सोडल्या. मग घराबाहेर पडणं जड व्हायला लागलं."

म्हणजे आजारातसुद्धा हा माझ्या पुढे! मला वाटलं होतं तो आईच्या पोटातून असा गार निघाला असेल. देवाने दिलेलं असतं तर मी देवाला दोष देऊन मोकळा झालो असतो. पण याने ते मिळवलं होतं, आणि मिळवता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, मीच उठून आलो होतो.

"भीती सगळ्यांनाच वाटते," तो म्हणाला. "पण ती महिनोन्‌महिने जात नाही, झोप खाते, तिच्यासाठी आपण रस्ते बदलायला लागतो, घरच्यांवर उगाच ओरडतो, तेव्हा ती आपल्याने आवरत नसते. मी फार उशिरा गेलो. डॉक्टरांशी बोलणं असतं, थोडा सराव असतो, काही दिवस गोळ्याही होत्या. अजून अधूनमधून जातो."

लेक पाण्याची बाटली घेऊन आली होती. तिने ऐकलं असावं. माझ्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुमच्या गाडीत मी कधी ब्रेक लावलाच नाही."

"म्हणजे?"

"माझा पाय पोचायच्या आधी तुमचा असायचा. मला वाटायचं मीच लावला. यांच्या गाडीत पहिल्या दिवशी कळलं, मला येतच नाही."

परीक्षेच्या दिवशी माझ्या जागी परीक्षा घेणारा सरकारी साहेब बसतो, आणि साहेब पाय हलवत नाही. रेषेच्या पुढे गेलेली ती सगळी मुलं माझ्या पायाची होती.

जाताना मी थंडोबाला म्हणालो, "तुझा तो डॉक्टर कुठे बसतो?" तो दुसरा एक जवळचा सांगायला लागला. मी म्हणालो, "नाही. तुझाच पाहिजे." याच्याहून हलका मी का घ्यावा?

त्याचा डॉक्टर पुलापलीकडेच निघाला. मी निघालो तोवर लेक पास झाली होती, पहिल्या फटक्यात. घरच्या गाडीत ती चालवत होती, मी शेजारी. आमच्या गाडीत दुसऱ्या बाजूला ब्रेक नाही. छाती धडधडत होती, पण श्वास सोडत होतो, थंडोबाने सांगितला तसा, त्यालाच मनात शिव्या देत. मध्यावर पुढचा ट्रक हळू झाला. खूप लांब होता. माझा पाय गालिच्यावर दाबला गेला, आणि त्याच क्षणी गाडी हळू झाली.

ब्रेक तिने लावला होता. इतक्या लांबून थंडोबा लावायला सांगत नाही. तो म्हणतो, अंतर बघ, घाई नको. हे लांबून लावणं माझं! कितीही शिकवू दे त्याला, पोर माझी होती. कितीतरी दिवसांनी माझ्या जिवाला बरं वाटलं.

मी कौतुकाने तिच्याकडे वळलो. तिने स्टिअरिंगवरचा एक हात काढून तळवा ओढणीला पुसला. मग दुसरा पुसला. मान ताठ, ओठ गच्च मिटलेले.

"काय होतंय गं?"

"काही नाही हो. पुलावर होतं असं थोडं, धडधडतं." ती समोरच बघत होती. "सगळ्यांनाच होतं ना? तुम्हाला तर मी लहान असल्यापासून होतं."

मी गालिच्यावरचा पाय मागे ओढून घेतला.

डॉक्टरांना वरवरचं सांगायचं, झोप येत नाही एवढंच, असं मी घरून ठरवून आलो होतो. त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला इकडे कोणी सुचवलं?"

"आमच्याकडे एक मास्तर आहे," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगला शिकवतो." हे घशातून बाहेर काढायला मला पुलापेक्षा जास्त जोर लागला.

मग मी सगळं सांगितलं. पूल, वळसा, मुंग्या, गालिचा, घरातलं खेकसणं. माझं संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही?

"बाहेर माझी मुलगी बसली आहे," मी म्हणालो. "तिला वाटतं, हे सगळ्यांनाच होतं. तिलाही आत बोलवा."