नवव्या राष्ट्रनेत्यांची जयंती

चौथ्या राष्ट्रनेत्यांनी तसबिरीतून हात बाहेर काढून टेबलावरचा पेला उचलला. माठातलं गारेगार पाणी ते फुंकून फुंकून प्यायले, पेला होता तिथे ठेवला आणि पुन्हा काचेमागे गेले. वाचनालयात कोणी मान वर केली नाही. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली वह्यांत डोकं घालून बसली होती. ग्रंथपाल शालन बोंद्रे यांच्या काळजात मात्र चर्र झालं. गार पाणी फुंकून पिणारा त्यांच्या माहितीत एकच माणूस होता, त्यांचा नवरा मुरलीधर. ‘ताक फुंकून पिणारे ऐकलेत, पाणी पिणारे तुम्हीच,’ असं त्या एकतीस वर्षं चिडवत आल्या होत्या.

चूक शालनबाईंचीच होती. तालुक्याच्या या वाचनालयाचा रिवाजच तसा. भिंतीवर नऊ माजी राष्ट्रनेते, आणि ज्याची जयंती असेल त्याच्याविषयी दारातल्या फळ्यावर एक नवलाची गोष्ट लिहायची, पूर्वी कधीच न लिहिलेली. साठ वर्षांत कोणी बकऱ्या पाळल्या, कोण गणितात नापास झालं, सगळं लिहून संपलं होतं. चौथ्यांच्या जयंतीला खडू हातात धरून बाई ताटकळल्या आणि शेवटी त्यांनी घरातलंच लिहून टाकलं. कोणाला कळतंय! चाळीस वह्यांत ते उतरलंही. त्याच संध्याकाळी मुरलीधररावांनी पाणी घटाघटा पिऊन टाकलं. बाईंना वाटलं, सुधारले एकदाचे.

मग सहाव्यांची जयंती आली. ‘सहावे राष्ट्रनेते चप्पल घालताना तिला “चल गं बाई” म्हणत.’ मुरलीधररावांची चप्पल त्या दिवसापासून मुकाट्याने निघू लागली. सातव्यांसाठी त्यांनी लिहिलं, ‘पंगतीत करपलेली पोळी ते “मला आवडते” म्हणून आपल्या पानात ओढून घेत.’ दुसऱ्या दिवशी करपलेली पोळी डब्यात तशीच राहिली. शालनबाईंनी ती एकटीने खाल्ली आणि खाताना त्यांना रडू फुटलं. सातव्यांच्या तसबिरीखाली आता तव्याचा वास येई.

पूर्वी जयंत्या महिन्या-दोन महिन्यांनी येत. आता त्या आठवड्याला येऊ लागल्या, मग एक दिवसाआड. दिलेलं परत यावं म्हणून बाईंनी ओलं फडकं घेऊन फळा पुसायला घेतला, तेव्हा रेखा धुमाळ धावत आली. तिचा हा परीक्षेचा पाचवा प्रयत्न होता.

“मॅडम, पुसू नका. पोळीचा प्रश्न मागच्या पेपरला आला होता.”

“अगं, खोटं आहे ते. माझ्या नवऱ्याचं आहे.”

“उत्तरतालिकेत आलंय मॅडम. आता खोटं कसं असेल?”

घरी मुरलीधरराव पाट्यासारखे गुळगुळीत होऊन बसलेले असत. त्यांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली होती. ती पहिल्यांना दिली होती.

“अहो, काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही.”

“काही हवंय का?”

“काही नको.”

त्यांचं म्हणावं असं एकच उरलं होतं. दुपारी एक वाजता ते शालनबाईंचा डबा घेऊन स्वतः वाचनालयाचा जिना चढत. बाई दर वेळी म्हणत, ‘मी सकाळीच नेला असता की.’ ते म्हणत, ‘गरम राहत नाही.’

नवव्यांच्या जयंतीला अध्यक्ष बापूसाहेब निगडे सकाळपासून फळ्याशी येरझाऱ्या घालत होते.

“बोंद्रेबाई, साडेबारा झाले. फळा कधी कोरा राहिलेला नाही.”

“सुचत नाहीये साहेब.”

“सुचायचं काय त्यात? असेल ते लिहा.”

चाळीस पेनं उघडून तयार होती. नववे राष्ट्रनेते डोळे मिटून, काहीच नसलेल्या माणसासारखे बसले होते. डब्याचं वाक्य शालनबाईंच्या बोटांपर्यंत येऊन थांबलं. नाही, हे नाही द्यायचं. मेले तरी नाही. मुरलीधररावांचं आणखी काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं, भरभर, अक्षर वाकडं होऊ देत.

‘नवव्या राष्ट्रनेत्यांना जिन्यावरच्या पावलांवरून आपलं माणूस ओळखू येई.’

पेनं चालली. बापूसाहेब “वा!” म्हणाले आणि नारळ फोडायला गेले. बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. घड्याळात एक वाजला.

जिन्यावर पावलं वाजली. टपालवाल्याची असतील, बापूसाहेबांची असतील, कोणाचीही असतील. शालनबाईंनी कान देऊन ऐकलं, श्वास धरून ऐकलं, त्यांना काहीच कळेना. वर भिंतीवर मात्र नवव्या राष्ट्रनेत्यांनी खाडकन डोळे उघडले, टोपी सारखी केली आणि ते हसून दाराकडे बघत उठून उभे राहिले.